तळ्याकाठच्या हॉटेलात गायलेला धवला

तळ्याकाठी जेवायला मला आवडत नाही, असं मी हल्ली ऑफिसात सांगते. साफ खोटं बोलते. मला तिथलं जेवण अतिशय आवडतं. दोन दिवसांत तिथली चार हॉटेलं पालथी घालून मी बोटं चाटत जेवले आहे, आणि त्याच जेवणाच्या नादात माझ्या आईची आयुष्यभराची एक इच्छा मी स्वतःच्या हातानं मातीत घातली. तेव्हापासून कुणी 'चला तळ्यावर' म्हटलं की माझं डोकं सणकतं. म्हणणाऱ्याचा काही दोष नसतो. तरी सणकतं.

आधी आईबद्दल सांगायला हवं. माझी आई धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांत लग्नाच्या प्रत्येक विधीला धवला गातात. मांडव घालताना, हळद कांडताना, नवरीला न्हाऊ घालताना. तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी भटाच्या आधी तिला बोलावणं जायचं, कित्येक घरी तर भटाऐवजी. आई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण कागदाशिवाय तासन् तास गाते. तिचे नियम दोनच. नवरा-नवरीचं नाव, त्यांच्या आयांची नावं आणि गावाचं नाव कळल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. आणि एका जोडीचा धवला ती एकदाच गाते. एका लग्नात व्हिडिओवाला उशिरा आला, म्हणाला, मावशी, परत एकदा म्हणा ना, शूट करायचं राहिलं. आई सरळ उठून घरी आली. "लगीन काय दोनदा लागतं काय रं?" एवढंच त्याला म्हणाली.

गावातली अशी पोरगी नाही जिला आईनं गाऊन सासरी धाडलं नाही. राहिले मी. वडील गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, नोकरी नुकतीच लागली होती, पाठचे दोघे भाऊ शिकत होते. स्थळं आली, गेली. काही भावांच्या शिक्षणापायी गेली, काही माझ्या तोंडामुळे गेली, तेही कबूल. दुसऱ्याच्या लग्नात गाऊन गाऊन घसा बसवून आई घरी यायची, गरम पाण्याचा पेला हातात धरून मला विचारायची, "तुझा कवा गाऊ बाय?" मी काहीतरी फटकून बोलायचे. मी चाळिशी ओलांडली आणि तिनं विचारणं बंद केलं. विचारायची तेव्हा राग यायचा, बंद झालं ते मात्र फार लागलं.

आता तळ्याचं सांगते. माझ्या लहानपणी हे तळं नव्हतंच. तिथं आमची भातशेती होती, पलीकडे मिठागरं. मग बंदराच्या भरावासाठी द्रोणागिरीच्या बाजूनं मातीचे डोंगरच्या डोंगर येऊन पडले, भरतीचं पाणी आत-बाहेर करायच्या वाटा बुजल्या आणि मधला खोलगट भाग पाण्याखाली गेला तो गेलाच. आमची अर्धी शेती त्यात गेली. कित्येक वर्षं तिथं डासांशिवाय कुणी फिरकलं नाही. मग रस्ते झाले, समुद्रावरून पूल झाला, मुंबईची माणसं गाडी काढून तासाभरात यायला लागली आणि आमचं डबकं एकाएकी 'लेक' झालं. ज्या चिखलात माझा बाप कमरेत वाकून भाताचं आवण लावायचा, तिथं आता हंसाच्या आकाराची पायडलची बोट फिरते. आत बसलेली माणसं ओरडतात, वॉव.

काठानं हॉटेलांची रांग लागली आहे. झोपाळे, कंदील, बांबूचे मचाण. प्रत्येक पाटीवर 'आगरी' हा शब्द पाहिजेच. आमच्या पोरांना शाळेत आगरी बोललं की हसायचे, आता तोच शब्द कोलंबीच्या डिशवर चढवून विकतात. आणि विकणारे तरी कोण? आमचेच. सगळ्यात मोठं हॉटेल माझ्या चुलतभावाचं. मी त्याला तोंडावर म्हटलं होतं, अरे, बापाच्या शेतावर बोटी फिरवतोस? तो म्हणाला, "ताई, शेत तं बुडलाच. आता बोट नको फिरवू तं काय पाण्याकडं बघत बसू?" त्याचं म्हणणं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं निघालं की माझा पारा आणखी चढतो.

तर त्या मे महिन्यात ऑफिसातल्यांचं दोन दिवस कुठंतरी जायचं ठरलं. आम्ही पाच जण. दोघी मैत्रिणी, त्यातल्या एकीचा नवरा, मी आणि तो. मैत्रिणी महाबळेश्वर म्हणत होत्या. मीच म्हटलं, इतक्या लांब गर्दीत जाऊन मक्याची कणसं खाण्यापेक्षा माझ्या गावाला चला, तळं आहे, वारा आहे, मासे आहेत. सगळ्यांना वाटलं मला गावाचा पुळका आलाय. खरं कारण 'तो' होता.

तो आमच्याच ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर. मूळचा हिंगोलीकडचा, बौद्ध. बहिणींची लग्नं लावता लावता स्वतः पन्नाशीला टेकलेला. तीन वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खात होतो. त्या मार्चमध्ये डब्याचं झाकण लावता लावता तो म्हणाला, "हा डबा घरीच एकत्र खाल्ला तर?" मी हो म्हटलं. इतकं सोपं असतं हे मला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

भीती फक्त आईची होती. आमच्याकडे आगऱ्यांतल्या आगऱ्यांत स्थळ बघतानासुद्धा लोक नाकं मुरडतात. तिथं हा परक्या मुलखातला, परक्या जातीचा. आई नाही म्हणाली असती तर मी लग्न केलं असतंच, पण तिनं गावं यासाठी माझा जीव अडकला होता. हे तेव्हा मी कुणाजवळ बोलले नाही, त्याच्याजवळसुद्धा नाही. मी मनातल्या मनात बेत केला. सगळ्यांबरोबर त्याला गावाला न्यायचं. आई त्याला सहज बघेल, दोन शब्द बोलेल. रविवारी सकाळी बाकीचे नाश्त्याला गेले की मी तिच्याजवळ बसेन आणि सांगेन. सांगेन आणि म्हणेन, आई, आता माझा गा.

शनिवारी सकाळी माझ्या खांदेश्वरच्या फ्लॅटखाली सगळे जमले आणि एका गाडीतून निघालो. कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत अकराच्या सुमाराला तळ्यावर पोचलो. पहिल्याच हॉटेलात आम्ही तुटून पडलो. भरलेलं पापलेट, चिंबोऱ्यांचा रस्सा, तांदळाची भाकरी इतकी मऊ की हातात धरली तर घडी पडावी. स्वयंपाकघरात वाटण वाटणारा झारखंडचा होता, पण हाताला चव होती त्याच्या, उगाच कशाला खोटं बोलू. निवट्या आल्या. हा चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा, आमच्या लहानपणी गरिबाचं खाणं. मैत्रिणी आधी ईऽऽ करून ओरडल्या, मग दोन प्लेटी संपवल्या. शेजारच्या टेबलावर पोपटी आली होती. पोपटी म्हणजे थंडीत वालाच्या शेंगा निघतात तेव्हा शेतात मडकं उपडं घालून, भांबुर्डीचा पाला कोंबून भाजायची गोष्ट. इथं भर मे महिन्यात, कोबीच्या पानांत, गॅसवर! मी वेटरला म्हटलं, याला पोपटी म्हणायला लाज नाही वाटत? तो बिचारा म्हणाला, "मॅडम, डिमांड है।" सगळे हसले. मीही हसले. जेवण उतरलं की मला कुणाचाच राग फार वेळ धरता येत नाही.

त्याला माशांची सवय नव्हती. तिकडं गोड्या पाण्याचा मासा कधीमधी खाल्लेला, काटे बघून घाबरायचा. मी बोलता बोलता त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होते. तीन वर्षांच्या डब्याची सवय, हात आपोआप चालतात. मैत्रिणींचं लक्ष बोटीकडं होतं.

दुपारी सगळ्यांना घेऊन घरी गेले. आईनं तांब्याभर पाणी दिलं आणि कोकमाचं सरबत केलं. बाकीच्यांनी 'हॅलो काकू' म्हटलं, त्यानं वाकून नमस्कार केला. आईनं त्याला विचारलं, "मासली खाल्लीस ना बाबा? काटं निगतान का तुला?" तो सरळ माणूस. म्हणाला, "तुमच्या लेकीनं काढून दिले."  मी चटकन म्हटलं, अगं, मी सगळ्यांनाच काढून देत होते. आईनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि सरबताचे पेले गोळा करायला लागली. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी चुलतभावाच्या हॉटेलात 'हळदी नाईट' होती. दर शनिवारी असते. दारात पिवळ्या ओढण्या देतात, आत प्लास्टिकच्या झेंडूचा मांडव, केळीचे दोन खरे खांब, डीजेवर हळदीची गाणी. लग्न कुणाचंच नसतं. गिऱ्हाईकांनी एकमेकांच्या गालाला हळद लावायची, नाचायचं आणि तंदूरवर तुटून पडायचं. दुसऱ्यांची लग्नं बघायला लोक पूर्वी लपूनछपून यायचे, आता टेबल बुक करून येतात. सूर्य तळ्यात बुडत होता, पाणी लालभडक झालं होतं, आणि मला ते सगळं आवडत होतं. पिवळी ओढणी घेऊन मीसुद्धा नाचले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, नाहीतर मीच एकटी शहाणी होते असं वाटायचं.

आईला मी जेवायला म्हणून बोलावलं होतं. ती एका कडेला खुर्चीवर बसली होती, नऊवारी नेसून, पदर सावरून. चुलतभावानं तिला पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. तो म्हणाला, "काकी, एक धवला होऊन जाऊ दे ना! ओरिजनल! लोकांना कळू दे आपली चीज काय हाय ती."

आई म्हणाली, "खोट्या लगनाचा धवला मना येत नाय."

आता मैत्रिणी मागे लागल्या. काकू, प्लीज. भाऊ म्हणाला, काकी, माझी इज्जत हाय. आई कुणालाच बधेना. तिनं माझ्याकडं बघितलं. "तू सांगतंस गाऊ म्हनून?"

मी हो म्हटलं. का म्हटलं? कारण मला मिरवायचं होतं. ऑफिसात माझी ओळख म्हणजे तिरसट बाई, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा फायली बघणारी. त्यांना कळू दे ना माझी आई कोण आहे. आणि त्यालाही. मी म्हटलं, "गा ना आई. दोन मिनिटं."

"धवला दोन मिनटांचा नसतं," ती म्हणाली आणि उठून मांडवात आली. डीजे बंद झाला. तिनं विचारलं, "नवरी कोन?"

मैत्रीण टाळी वाजवून म्हणाली, "ही काय, कायमची उमेदवार!" शेजारच्या दोन टेबलांवरचे अनोळखी लोकसुद्धा हसले. असं काही झालं की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. मी म्हटलं, "घाल आई, माझंच नाव घाल. नाहीतरी रिकामंच पडलंय."

आई हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आन् नवरा कोन?"

मैत्रिणीच्या नवऱ्यानं त्याला खांद्याला धरून पुढं ढकललं. आमच्यात बिनलग्नाचा पुरुष तो एकटाच, त्यामुळे गंमत म्हणून त्याच्याखेरीज दुसरं कुणाचं नाव येणार होतं? पण मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. त्यानं पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या आणि मांडवात उभा राहिला. आईनं त्याला विचारलं, "बाबा, तुझा नाव काय? तुझ्या आयशीचा नाव काय? गाव कनचा?" त्यानं हात जोडून तिन्ही नावं सांगितली. आईनं ती मनात म्हणून बघितली आणि डोळे मिटले.

तिचा आवाज आता थकला आहे, पण माईकची तिला गरज पडली नाही. हळदीच्या गाण्यासारखा धवला ठेक्यावर चालत नाही, सावकाश चालतो, आणि एकेक माणूस, एकेक देव नावानं बोलावून मांडवात आणून बसवतो. ग्रामदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, माझ्या मेलेल्या बापाला बोलावलं. मग माझं नाव आलं. पाठोपाठ त्याचं. त्याच्या आईचं. काही टेबलांवरची माणसं हातातला घास तसाच धरून ऐकत होती. काही टेबलांवर ग्लास वाजत होते, कुणीतरी 'डीजे, डीजे' ओरडलं.

आणि मी काय करत होते? मी हसत होते. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. माझ्या नावापाठोपाठ सगळ्यांसमोर त्याचं येणार हे कळलं आणि मला तिथं उभं राहवेना. कुणाला संशय येऊ नये म्हणून मी मैत्रिणीच्या कानाशी काहीतरी पाचकळ बोलले. वेटर समोरून गेला त्याला हाक मारून मी कोलंबीची ऑर्डर दिली. गाणं चालू असताना. दोन प्लेट, कोरडी, तिखट कमी. मध्येच आईनं स्वयंपाकघरातून मागवलेली हळद पाण्यात कालवून त्याच्या कपाळाला लावली, मग माझ्या. मी टिश्यू पेपर घेतला आणि पुसून टाकली. म्हटलं, कुणाच्या फोटोत यायला नको. आईनं ते पाहिलं. तिचा आवाज जरासा हलला आणि परत लागला. तिनं गाणं अर्धवट सोडलं नाही, शेवटपर्यंत नेलं.

टाळ्या पडल्या. चुलतभाऊ शाल घेऊन आला, आईनं हात आडवा केला आणि घेतली नाही. जेवलीही नाही. मला वाटलं रुसली, लोक नीट ऐकत नव्हते म्हणून. ती घरी गेली आणि आमच्या टेबलावर कोलंबी आली. चांगली झाली होती.

रविवारी सकाळी बाकीचे नाश्त्याला गेले. मी आईजवळ बसले. ती तांदूळ निवडत होती. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. काल इतकी थट्टा झाल्यावर आज हे कसं सांगायचं? मी स्वतःला समजावलं, पुढच्या खेपेला सांगू, घाई काय आहे. निघताना आईनं त्याला सुक्या जवळ्याचं पुडकं दिलं. त्याला एकट्यालाच दिलं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी धन्य आहे.

पुढची खेप पाऊस सुरू झाल्यावर आली. तोवर आम्ही रजिस्टर लग्नाची नोटीस दिली होती. मी एकटीच गावी गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, सगळं एका दमात. आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरा झाला. तारीख कनची?"

मी इतकी हलकी झाले की तिच्या गळ्यातच पडले. म्हटलं, "आई, रजिस्टर ऑफिसात सह्या झाल्या की इथं अंगणात मांडव घालू. तू गायचंस."

"नाय," ती म्हणाली. "गाऊन झाला."

मला कळेना. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, एका जोडीचा दोनदा गात नाय. मी म्हटलं, अगं, तो हॉटेलातला तमाशा होता, तो कुठं धरतेस? तिनं फक्त मान हलवली. आणि मग माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, नियम कशाला पुढं करतेस, स्पष्ट सांग ना, त्याची जात आडवी येते! गाव काय म्हणेल याची लाज वाटते तुला! सगळ्या गावाच्या पोरींसाठी गायलीस आणि पोटच्या पोरीच्या वेळी तुझा गळा बसला! असं बरंच बोलले. शेजारीण दारात येऊन उभी राहिली तरी बोलत होते.

आईनं मला थांबवलं नाही. मी दमले तेव्हा म्हणाली, "जात आडवी आली असती तं मी त्याच्या आयशीचा नाव कशाला इचारला असता गो?"

मी उंबऱ्यावर बसले. आई बोलत राहिली.

"दोनपारी तो काट्यांचा बोलला, तवाच मना कलला. मी मनान बोलले, हिला तोंडान सांगवत नाय. मग तू मना मांडवान उभी केलीस. बोललीस, माझाच नाव घाल. मना वाटला, पोरगी सांगतं. आपल्या आयशीला ही अशीच सांगनार, सरल कवा बोललीय? तो पन चपला काढून उभा रायला. मी खराच गायले बाय. तुज्या बापाला बोलावला. सगल्यांना बोलावला. आपल्या पोरीच्या लगनान शाल कोन घेतं, म्हनून शाल पन नाय घेतली." तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं. "मग तू हलद पुसलीस. गानं आरदा टाकता येत नाय, म्हनून पुरा केला. पन मना कलना, पोरगी हसतं कशाला."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. भांडण मला येतं. तिथं भांडायला काही नव्हतं. मी तिच्या पायाशी बसून रडले आणि म्हटलं, दोन ओळी तरी गा, मला ऐकायचंय, मी ऐकलंच नाही गं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "मना येत नाय आता," म्हणाली. "बोलावलेले सगले येऊन गेले. परत कनच्या तोंडान बोलावू?"

परत आल्यावर त्याला सांगितलं. तो गोंधळला. म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. तुझ्या सांगण्यावरूनच त्या गातायत असं मी धरून चाललो. मी तर दुसऱ्या दिवशी गावी आईला फोन करून सांगितलं, तिकडच्या आईनं तुझं नाव घेतलं म्हणून. ती रडली." मग तो हळूच म्हणाला, "तू हळद पुसलीस तेव्हा मला जरा कसंतरी झालं. पण तुझा स्वभाव म्हणून सोडून दिलं."

मांडवात दोघं जण माझं लग्न लावत होती. एक माझी आई, दुसरा माझा नवरा. नवरी तेवढी वेटरला हाका मारत होती.

मैत्रिणीच्या फोनमध्ये त्या संध्याकाळचा व्हिडिओ आहे हे मला आठवलं. मी तो मागवून घेतला. गाणं त्यात आहे, पण सगळ्या आवाजांच्या खाली, कारण फोन माझ्याच शेजारी धरलेला होता. माझं नाव ऐकू येतं. त्यानंतर त्याचं नाव यायला हवं, तिथं मी 'तिखट कमी' म्हणते. ते मी एकदा ऐकलं आणि फोन बाजूला ठेवला.

लग्नाच्या दिवशी आई रजिस्टर ऑफिसात आली. नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा. साक्षीदार म्हणून तिनं सही केली, एकेक अक्षर दाबून, शाळेत दुसरीपर्यंत शिकलेलं सगळं त्यात ओतून. आम्ही हार घातले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, पेढे काढले. मग एकदम सगळे गप्प झाले. प्रत्येक लग्नात अशी एक वेळ येते आणि आमच्याकडे त्या वेळेला धवलारीण सूर लावते. मी आईकडं बघितलंच. स्वतःला आवरता आलं नाही.

टेबलामागच्या कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं बरं का लग्न."

आई माझ्या नवऱ्याच्या बाजूला उभी होती. तिनं त्याच्या दंडाला हात लावला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आपला मे महिन्यातच झालेला, नाय का रं बाबा?"

त्यानं मान डोलावली. तिनं ते त्याला विचारलं. मला नाही विचारलं.